माहितीला सीमा नेमकी लागते कुठे?

रेषाकार

"जग आता एक झालंय, माहितीला सीमा उरलेली नाही." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १९ वं कलम तर देशांच्या सीमा न मानता माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा हक्क सगळ्यांना देतं.

माझं मत असं की सीमा आहे, पण ती नकाशावरच्या रेषेपाशी सापडत नाही. ती मोजक्या जागी आहे, जिथे कुणाचा तरी हात पोचतो. केबल किनाऱ्याला लागते ती खोली, नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, हक्कांचा करार, भाषांतर करणाऱ्याचं टेबल. इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतो: आपापलं माध्यम घ्या आणि सांगा, त्यात हात लागतो कुठे, अडवायचं तर कशाने अडवतात, आणि अडवूनही ते पोचतं कसं?

लघुलहरी

लघुलहरी रेडिओपासून सुरुवात करू. पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसऱ्याच्या मालकीचं काहीही नसलेलं हे माध्यम आहे. लहर वर जाते, साधारण २५० ते ४०० किलोमीटरवर आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) एफ थरातून वळते आणि एका उडीत तीन-चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊन उतरते. मधल्या देशाची परवानगी लागत नाही.

मात्र वेळ आणि वारंवारता जुळावी लागते. दिवसा खालचा डी थर कमी वारंवारता पिऊन टाकतो, म्हणून दिवसा १५ ते १७ मेगाहर्ट्‌झ. सूर्य मावळला की डी थर विरतो, एफ थरही विरळ होतो आणि वरच्या वारंवारता परत न वळता अवकाशात निघून जातात, म्हणून रात्री ५ ते ७. मार्च २०२२ मध्ये बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी लघुलहरी पुन्हा लावली, तेव्हा युक्रेनच्या वेळेनुसार दुपारी ४ ते ६ ला १५७३५ किलोहर्ट्‌झ आणि रात्री १० ते १२ ला ५८७५ किलोहर्ट्‌झ ठेवली. आयनांबराचा अख्खा धडा त्या दोन आकड्यांत आहे.

अनुस्वार

मस्त धागा. वाचतेय, येऊ द्या.

खुंटीवरचा_रेडिओ

@लघुलहरी, "मध्ये कुणी नाही" हे अर्धंच खरं. त्याच वारंवारतेवर घरघर सोडली की संपलं. सोव्हिएत संघाने दशकानुदशकं तेच केलं.

लघुलहरी

बरोबर, पण जॅमिंगची किंमत आणि मर्यादा बघा. सोव्हिएत जॅमर दोन प्रकारचे होते. पहिला जमिनीलगतच्या लहरीचा, शहरात बसवलेला. त्याचा प्रभाव जवळपासच्या थोड्या किलोमीटरांपुरता, म्हणजे शहर झाकलं जायचं पण बाहेरच्या गावात स्टेशन लागायचं. दुसरा दूर ठेवलेला, आकाशलहरीचा, मोठा प्रदेश झाकण्यासाठी. त्याला निसर्गाचीच अडचण. जॅमर ऐकणाऱ्याच्या पूर्वेला असेल तर तिथे आधी अंधार पडतो. तिकडचा एफ थर लवकर विरळ होतो आणि जॅमरची लहर वर निसटते, पण पश्चिमेकडून येणाऱ्या स्टेशनाचा मार्ग अजून उजेडात असतो. म्हणून संध्याकाळचे काही तास वरच्या वारंवारतेवर कार्यक्रम स्वच्छ ऐकू यायचा. प्रक्षेपण करणारे तो अवधी हिशेबाने वापरत.

शिवाय एका वारंवारतेसाठी प्रत्येक शहरात वेगळा जॅमर लागतो, आणि स्टेशन एकच कार्यक्रम चार-पाच वारंवारतांवर सोडतं. हे जॅमिंग तंत्राने हरलं नाही. राजकीय निर्णयाने थांबलं: जानेवारी १९८७ मध्ये बीबीसीवरचं, मे १९८७ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकावरचं, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये रेडिओ लिबर्टीवरचं.

छतावरचा

टीव्हीचं सांगतो, कारण तिथे डोंगराने जे केलं ते सरकारलाही जमलं नाही. पूर्व जर्मनीत पश्चिमेचा टीव्ही बहुतेक भागात दिसायचा. पश्चिम बर्लिनचे मनोरे होतेच, शिवाय बव्हेरियातल्या ओक्सेनकोप्फ डोंगरावरचा प्रक्षेपक. १९६१ मध्ये युवक संघटनेची पोरं छपरांवर चढून त्या दिशेला रोखलेले अँटेना फिरवत सुटली. लोकांनी अँटेना माळ्यावर आत बांधले.

रंगाच्या पद्धतीनेही सीमा आखून झाली. पश्चिमेने पाल घेतली, पूर्वेने सेकाम. पण दोन्हीकडे ओळींची संख्या तीच, आवाजाची वाहक लहरही चित्रापासून तेवढ्याच, म्हणजे ५.५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर. त्यामुळे फक्त रंग गेला. चित्र काळंपांढरं, आवाज व्यवस्थित. मग लोकांनी संचात पालचं सर्किट बसवून घेतलं. फ्रान्सने जशी ओळींची संख्या आणि आवाजाचं अंतरही वेगळं ठेवलं होतं तसं केलं असतं तर काहीच लागलं नसतं.

फक्त ड्रेस्डेनचं खोरं आणि ईशान्येचा कोपरा अंधारात राहिला, अंतरामुळे आणि भूभागामुळे. त्या भागाला लोक "अनभिज्ञांचं खोरं" म्हणत, आणि पश्चिमेच्या एआरडी वाहिनीच्या नावातल्या तीन अक्षरांची जर्मनमध्ये फोड "औसर राउम ड्रेस्डेन", म्हणजे "ड्रेस्डेन परिसर सोडून", अशी करत.

अनुस्वार

ही फोड भारीच! तीन अक्षरांत अख्खा भूगोल.

तळकेबल

सगळं छान, पण रेषाकार आजचं विचारताहेत. आज खंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्रतळावरच्या केबलमधून जातो. उपग्रहाचा वाटा फार लहान. तेव्हा सीमा शोधायची तर केबल किनाऱ्याला लागते त्या लँडिंग स्टेशनात शोधा.

खोल पाण्यातली केबल बागेतल्या नळीएवढी जाड असते, साधारण दोन सेंटीमीटर. आत केसासारखे काचतंतू, भोवती तांब्याची नळी, पोलादी तारा, वर पॉलिथिन. प्रकाश दमतो म्हणून साधारण दर ७० ते १०० किलोमीटरवर वर्धक बसवतात. त्यांना वीज त्याच तांब्यातून, किनाऱ्यावरून, हजारो व्होल्टच्या एकदिश दाबाने जाते. म्हणजे किनाऱ्यावरची वीजखोली बंद पडली तर न तुटलेली केबलही मुकी होते.

जगात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात. बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि ओढल्या गेलेल्या नांगरांनी. म्हणून उथळ पाण्यात केबल तळात पुरतात आणि चिलखत जाड ठेवतात.

खुंटीवरचा_रेडिओ

तुटली की जोडतात कशी? पाण्याखाली?

तळकेबल

पाण्याखाली काही जोडत नाहीत, वर आणतात. आधी किनाऱ्यावरून प्रकाशाचे ठोके सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जागा काढतात. तांबं उघडं पडून पाण्याला टेकलं असेल तर विजेच्या दाबावरूनही अंतर कळतं. मग जहाज निघतं, पोटात सुटी केबल आणि वर्धक घेऊन.

बाहेरून बघणाऱ्याला सहसा न कळणारी गोष्ट ही: केबल तळावर जवळजवळ ताणून टाकलेली असते, त्यामुळे न कापता ती वर येतच नाही. म्हणून आकडा ओढून तिला खालीच कापतात. एक टोक वर घेतात, किनाऱ्यापर्यंत तपासतात, तोंड बंद करून बोयाला बांधतात. दुसरं टोक वर घेऊन त्याला सुटी केबल जोडतात, ती सोडत बोयापर्यंत येतात आणि शेवटचा सांधा करतात. तंतू एकेक करून वितळवून जोडायचे, क्ष-किरणाने सांधा तपासायचा, मग खाली सोडायचं. सांध्याला बरेच तास लागतात आणि तेवढा वेळ जहाज जागेवरून हलता कामा नये, म्हणून हवामान बघूनच हात घालतात. नवीन तुकडा जास्तीचा असल्यामुळे ती जागा तळावर वळण घेऊन बसते.

आणि रेषाकारांचा मुद्दा इथे आहे. प्रादेशिक पाण्यात काम असेल तर परवाना लागतो. दुरुस्ती काही दिवसांची असताना कागद आठवडे खातात. टोंगाला १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीनंतर बाहेरची केबल परत मिळायला २२ फेब्रुवारी उजाडली. तिथे कारण कागदाचं नव्हतं. केबल एकच होती आणि जहाज लांबून यायचं होतं.

राऊटरबाबा

केबल शाबूत असूनही देश गायब होऊ शकतो. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये कुणी केबल कापली नाही. इंटरनेट सेवादारांनी "आमच्याकडे येण्याचा रस्ता हा" अशी जी घोषणा इतर नेटवर्कना सतत चालू असते, ती मागे घेतली. सुमारे ३,५०० मार्ग काही मिनिटांत जगाच्या तक्त्यातून पुसले गेले. २ फेब्रुवारीला परत आले. मधल्या काळात साधे दूरध्वनी चालू होते, म्हणून फ्रान्समधल्या एका ना-नफा सेवेने जुना मोडेमचा क्रमांक खुला केला आणि लोक परदेशी फोन लावून संथ का होईना, जोडले गेले.

उलट दिशेचं उदाहरण आणखी बोलकं. एक देश आपल्यापुरतं बंद करायला गेला आणि जगभर बंद झालं. २४ फेब्रुवारी २००८. यूट्यूब आपला पत्त्यांचा पट्टा २०८.६५.१५२.०/२२ असा जाहीर करत होतं (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा तितका पट्टा लहान). पाकिस्तान टेलिकॉमने आतल्या ग्राहकांसाठी त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ हा लहान तुकडा आपल्याकडे वळवला, आणि ती घोषणा चुकून हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या सेवादाराकडे गेली. राऊटरचा नियम साधा आहे, जास्त नेमका पत्ता जिंकतो. /२४ हा /२२ पेक्षा नेमका, म्हणून जगातली वाहतूक तिकडे वळली. जागतिक वेळेनुसार १८:४७ ला सुरू झालं. २०:०७ ला यूट्यूबनेही तोच /२४ जाहीर केला, २०:१८ ला त्याहून नेमके दोन /२५. २१:०१ ला पीसीसीडब्ल्यूने चुकीचे मार्ग काढले तेव्हा कुठे खरं निस्तरलं.

अनुस्वार

दोन /२५ दिल्यावर लगेच सुटायला हवं होतं ना? नेमका पत्ता जिंकतो म्हणालात.

राऊटरबाबा

चांगला प्रश्न. /२४ पेक्षा लहान तुकडे बरीच नेटवर्क घेतच नाहीत, तक्ता फुगू नये म्हणून. त्यामुळे /२५ सगळीकडे पोचले नाहीत.

खरी चूक वरच्या सेवादाराच्या गाळणीत होती. ग्राहक जे पट्टे स्वतःचे म्हणतो तेवढेच त्याच्याकडून घ्यायचे, हे तिथे लावलेलं नव्हतं. आता सहीचे दाखले असतात: अमुक पट्टा अमुक नेटवर्कनेच जाहीर करायचा, आणि कमाल लांबी, म्हणजे तिरक्या रेषेनंतरचा आकडा, एवढी. इथे एक चूक वारंवार होते. कमाल लांबी "असू दे जास्त" म्हणून सढळ ठेवतात. मग कुणीही तुमच्या नेटवर्कचा क्रमांक मूळ म्हणून लावून लहान तुकडा जाहीर करतो आणि तपासणीत पास होतो. जेवढं प्रत्यक्ष जाहीर करता तेवढीच लांबी लिहा.

पत्तेदार

नावांची पायरी राहिली. बहुतेक बंदी सर्वांत स्वस्त ठिकाणी येते: सेवादाराचा नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर खोटं उत्तर देतो. यावर उपाय म्हणजे दुसरा सर्व्हर वापरणं. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर असंच बंद केलं, तर लोकांनी ८.८.८.८ हा गूगलच्या तशाच सर्व्हरचा पत्ता भिंतींवर रंगवला. महिना संपायच्या आत तिथल्या सेवादारांनी त्या पत्त्याचा मार्गच स्वतःकडे वळवून गूगलच्या नावाने उत्तरं द्यायला सुरुवात केली. म्हणजे राऊटरबाबांनी सांगितलेलीच खेळी, या वेळी जाणूनबुजून.

त्याच्या वरची पायरी म्हणजे जोडणीतला पहिला निरोप. मजकूर कुलूपबंद असतो, पण "मला अमुक साइट हवी" हे नाव त्या पहिल्या निरोपात उघडं जातं. गाळणी तेच वाचून जोडणी तोडते. ते नावही कुलपात घालायची पद्धत आता आली आहे. ती दिसली की पूर्ण जोडणीच तोडायची, हा पलीकडच्यांचा उपाय. "माझा ब्राउझर बिघडलाय की बंदी आहे" हे ओळखायचं असेल तर क्रमाने बघा. नावाला पत्ता मिळतो का, तो पत्ता दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराशी जुळतो का, जोडणी उघडते का, आणि नाव सांगितल्या क्षणी तुटते का. जिथे अडलं तिथे हात आहे.

परवाना_शाखा

सगळे सरकारवर बोलताहेत. रोजच्या वापरात लोकांना जी सीमा लागते ती बहुतेकदा करारातून आलेली असते. "हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही" हे वाक्य सेन्सॉरचं क्वचित, हक्कांच्या वाटणीचं नेहमीचं. चित्रपट किंवा सामने प्रदेशवार विकले जातात, आणि एका प्रदेशाच्या खरेदीदाराला दुसरीकडे दाखवल्यास करारभंग होतो. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून पैसे भरून घेतलेली सेवा तात्पुरत्या प्रवासात दुसऱ्या सदस्य देशातही चालली पाहिजे असा नियम आहे. पण तो ग्राहकाच्या घरच्या सेवेपुरता, यजमान देशाची यादी त्याने उघडत नाही.

देश ओळखतात आयपी पत्त्यावरून, आणि तो तक्ता चुकतो. एखादा पट्टा एका देशातल्या कंपनीकडून दुसऱ्या देशातल्या कंपनीने घेतला की जुनी नोंद महिनोन्‌महिने राहते, आणि ग्राहकाला आपल्याच देशातली वाहिनी दिसत नाही. नेटवर्क चालवणाऱ्यांनी यासाठी साधी मजकूर फाइल ठेवायची असते: ओळीत आधी पट्टा, मग दोन अक्षरी देशसंकेत, मग प्रदेश, मग शहर, मध्ये स्वल्पविराम. तिचा दुवा पट्ट्याच्या नोंदणीत टाकायचा. फाइल करतात पण दुवा टाकत नाहीत, मग तक्तेवाल्यांना ती सापडत नाही आणि तक्रारी चालूच राहतात.

खुंटीवरचा_रेडिओ

+१. ही सीमा जास्त टोचते, कारण तिच्याविरुद्ध मागायची दाद कुठे हेच कळत नाही.

डेस्कवरून

मजकुराकडे या. १८७० मध्ये हावास, वोल्फ आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थांनी करार करून जगाची बातम्यांसाठी वाटणी केली. कुणी कुठल्या भागातून गोळा करायचं आणि कुठे विकायचं हे ठरलेलं. ती व्यवस्था १९३४ पर्यंत टिकली. त्यामुळे शेजारच्या देशाची बातमी तिसऱ्याच राजधानीतून फिरून यायची. याविरुद्ध १९७० च्या दशकात अलिप्त देशांनी वृत्तसंस्थांचा समूह केला, युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला, आणि वाद एवढा पेटला की अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतून बाहेर पडले. चॅनेल कितीही वाढले तरी घटनास्थळी माणूस ठेवायला पैसे लागतात, म्हणून मूळ मजकूर आजही थोड्या संस्थांकडून येतो.

पण मला भाषेच्या सीमेबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपण स्वतः उभे आहोत. सर्वांत महाग चूक एका शब्दाची: कॅज्युअल्टी. त्यात मृत आणि जखमी दोन्ही येतात. मराठीत सरळ "१०० ठार" होतं. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. घाईत दहा कोटी लिहिलं जातं. "मंडे" स्थानिक वेळेचा सोमवार असतो, आपल्याकडे तोवर मंगळवार उजाडलेला असतो. आणि "अलेज्ड" गाळलं की आरोपी थेट गुन्हेगार होतो.

दुसरी गोष्ट मागे घेतलेल्या बातमीची. संस्था चूक कळताच सर्व ग्राहकांना "ही बातमी रद्द" असा निरोप पाठवते, बातमीच्या ओळखक्रमांकासह. मूळ भाषेत ती निघून जाते. भाषांतर करताना तो क्रमांक आपल्याकडे टाकलेलाच नसतो, त्यामुळे रद्दचा निरोप येतो पण कुठल्या मराठी बातमीला तो लागू हे कुणाला सापडत नाही. चुकीची बातमी मराठीत जिवंत राहते. उपाय एक रकान्याचा आहे: भाषांतरित बातमीसोबत मूळ संस्था, ओळखक्रमांक आणि आवृत्तीची वेळ साठवायची. वाचकांसाठी दिसायची गरज नाही.

छतावरचा

@डेस्कवरून, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा होण्याच्या योग्यतेचा आहे. कॅज्युअल्टीला मराठीत काय लिहावं?

डेस्कवरून

आकडे वेगळे मिळाले तर "४० मृत, ६० जखमी". नसतील तर "हताहत १००". शब्द जुना आहे, पण नेमका आहे. "बळी" लिहू नका.

तळकेबल

अवांतर: सगळी तारयंत्रणा टाळून माहिती जाते त्याचं ठळक उदाहरण क्यूबाचं. "आठवड्याचं पाकीट" म्हणून दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइट मालिका, चित्रपट, सॉफ्टवेअर हार्डडिस्कवरून हातोहात फिरतं. वेग मोजा. एक टेराबाइट म्हणजे ८० लाख मेगाबिट. सेकंदाला १ मेगाबिटच्या जोडणीवर उतरवायला तीन महिने लागतील. डिस्क खिशात घालून पायी जाणारा तेवढंच एका दुपारी पोचवतो.

रेषाकार

मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या यादीत मी किनारा, नाव, करार, भाषांतर असं लिहिलं होतं. राऊटरची घोषणा माझ्या यादीत नव्हतीच, आणि ती सर्वांत वरची निघाली. केबलचा वीजपुरवठाही नव्हता. लघुलहरीच्या बाबतीत मात्र माझं मत ढळलं. तिथे सीमा म्हणावी अशी जागा दिसत नाही, खर्च आणि सूर्य एवढंच दिसतं. एक विचारायचं राहिलं: खालच्या कक्षेतले उपग्रह आता आपसात लेसरने बोलतात. मग लँडिंग स्टेशनचीही गरज संपली का?

राऊटरबाबा

तांत्रिकदृष्ट्या मधला देश टाळता येतो. पण छतावरची तबकडी फक्त ऐकत नाही, ती वर पाठवतेही, साधारण १४ गीगाहर्ट्‌झवर. पाठवणं आलं की त्या देशाचा वारंवारतेचा परवाना आला. परवाना नसेल तिथे कंपनी स्वतःच त्या भौगोलिक चौकटीत सेवा बंद ठेवू शकते, कारण तबकडीचं स्थान तिला सतत माहीत असतं. शिवाय तबकडी सीमाशुल्कातून येते, आणि पाठवणारी असल्यामुळे ती शोधताही येते. घरात ऐकणाऱ्या रेडिओला शोधणं त्या मानाने फार कठीण.

अनुस्वार

मग शेवटी रेडिओच! @लघुलहरी, घेताना काय बघायचं?

लघुलहरी

आकडे दाखवणारा, ५ किलोहर्ट्‌झच्या पायरीने थेट वारंवारता टाकता येणारा घ्या. स्टेशनं त्याच पायरीवर असतात. बाहेरच्या एरियलसाठी खाच हवी. नसेल तर आठ-दहा मीटर रबर चढवलेली तार खिडकीबाहेर सोडून टोक रेडिओच्या ओढून लांब होणाऱ्या एरियलला चिमट्याने लावा. वीज कडाडायची चिन्हं दिसली की आधीच काढून ठेवा. घरात घरघर आली तर जॅमिंग समजण्याआधी एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून बघा, दहातल्या आठ वेळा दोषी तिथेच सापडतो. विजेच्या जोडणीपेक्षा सेलवर लावा. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तेव्हा जुन्या यादीवर शोधत बसू नका.